शेंदूर न भिजवणारी तोटी

जैनुद्दीन पखाली स्वस्थ बसलेला राहात्यात कोणी पाहिला नाही. मशिदीत तो बसे, पण तिथेही चटईची सुटलेली काडी दिसली की नमाज संपताच ती आत खोचल्याशिवाय उठत नसे. न्हाव्याकडे गेला तर वस्तऱ्याचा पट्टा उलटून बघे. कोणाच्या दारावरून जाताना दार करकरलं की थांबे, ते दोनदा उघडून लावून बघे आणि घरमालक बाहेर येईपर्यंत बिजागरीला तेल घालून पुढे गेलेला असे. असा माणूस शेजारी असावा, पण घरात असू नये, असं त्याची बायको जहिरा म्हणत असे, आणि तिला अनुभव होता.

तो मूळचा नगरचा. बाप भिंगारला गोऱ्यांच्या बंगल्यांत मसकेने पाणी भरायचा. बकऱ्याच्या कातड्याची ती मसक कमरेला लावून जैनुद्दीननेही काही वर्षं बंगल्यांच्या बागा शिंपल्या. मग एका बंगल्यात त्याला बागेऐवजी मोटार शिंपायला सांगितलं. मोटार धुता धुता तो ती पुसायला लागला, पुसता पुसता खाली शिरून बघायला लागला, आणि साहेबाच्या ड्रायव्हरला एकदा ताप आला तेव्हा जैनुद्दीन गाडी चालवतो हे सगळ्यांना एकदमच कळलं. त्यातला साहेब सोडून सगळ्यांना ते आधीच ठाऊक होतं.

लढाईच्या दिवसांत गुळाला असा भाव आला की राहात्याच्या बागायतदारांना काय घ्यावं ते सुचेनासं झालं. कानिफनाथ पाटलांनी आधी ग्रामोफोन घेतला, मग ऑईल इंजिन घेतलं, मग विलायतेला परत चाललेल्या एका साहेबाची काळी मोटार घेतली. मोटारीबरोबर जैनुद्दीन आला. मोटार राहात्यात पोहोचली त्या दिवशी पाटलांच्या आई, गोजरबाई, आरतीचं ताट घेऊन पुढे झाल्या आणि थबकल्या. मोटारीच्या नाकावर, रेडिएटरच्या झाकणाला, एक चांदीसारखं चकचकीत कुत्रं बसवलेलं होतं. बसवलेलं म्हणजे ते धावत होतं. कान मागे, पाय ताणलेले.

"ह्ये कुत्रं कशापायी?" गोजरबाई म्हणाल्या. "मोटारीच्या आदी कुत्र्याला ओवाळू व्हय मी?"

जैनुद्दीनची नोकरी तेव्हा आठ-पंधरा दिवसांच्या बोलीवर होती. येताना वेशीजवळ भैरोबाचं देऊळ त्याने पाहिलं होतं, आणि देवाच्या पायाशी दगडाचं कुत्रंही पाहिलं होतं.

"आई," तो म्हणाला, "भैरोबाचं हाय ते. म्होरं पळतं. मंग मोटारीला काय हुत न्हाई."

साहेबाला हे ठाऊक असतं तर त्याने कदाचित जास्त किंमत लावली असती. गोजरबाईंनी ताट खाली ठेवलं, घरात गेल्या, आणि तेलात कालवलेला शेंदूर घेऊन आल्या. त्या दिवसापासून दर रविवारी कुत्र्याला शेंदूर लागू लागला. थरावर थर. वर्षभरात त्याचे कान गेले, मग पाय गेले, आणि पुढे रेडिएटरवर एक तांबडा, गुळगुळीत, नारळाएवढा गोळा तेवढा उरला. राहात्यात नव्याने आलेल्या माणसाला ते काय आहे हे सांगावं लागे. सांगितल्यावर तो पाया पडे.

गोजरबाईंचा नेम एकच होता. शेंदराला पाणी लागता कामा नये. तेल चालेल, फूल चालेल. पाणी लागलं तर भैरोबाचा कोप.

जैनुद्दीनला हे अवघड नव्हतं. बापाची मसक त्याने राहात्याला आणली होती. ती काखेत दाबायची, तोंडावर अंगठा ठेवायचा, आणि अंगठा हलवून पाणी पाहिजे तिथे पाहिजे तेवढं सोडायचं. मागून पुढे येत तो बॉनेटपर्यंत पोहोचला की हात आखडता घेई, आणि शेंदराच्या वीतभर अलीकडे फडकं सुरू होई. शेंदराचं तेल मात्र ओघळून खाली जाळीत शिरे, त्यावर बैलगाड्यांची धूळ बसे, आणि मोटारीच्या तोंडाला कायमची तांबूस काळी दाढी आल्यासारखी दिसे. जैनुद्दीनला ती दाढी दिवसातून कितीदा दिसे ते त्यालाच माहीत. येता-जाता तो नखाने खरवडे, आणि आतून गोजरबाईंचा आवाज येई, "जैन्या, लांब हो."

सेहेचाळीस साली दोन गोष्टी एकदम झाल्या. पाटलांच्या मुक्ताला काष्टीचं स्थळ आलं, आणि साखर कारखान्याच्या मॅनेजरने नवीन ड्रायव्हर ठेवला. त्याचं नाव रशीद. तो लष्करातून सुटून आला होता आणि मोटार रबराच्या नळीने धुवत असे. नळीला पितळेची तोटी होती. पाटील कारखान्यावर उसाच्या कामाला गेले आणि मॅनेजरच्या मोटारीच्या चकचकीत दारात त्यांना आपला फेटा दिसला. घरी येऊन ते आपल्या मोटारीसमोर उभे राहिले. तीत त्यांना काही दिसलं नाही.

"जैनूभाई," पाटील म्हणाले, "काष्टीची मानसं मुलगी बघाया येनार. मोटार दारात उभी ऱ्हानार. तिच्या तोंडाला ह्ये काय लागलंय?"

"शेंदराचं तेल हाय, पाटील. पान्याबिगर निघंना. आन पानी लावायचं न्हाई."

"म्या आईला काय बोलनार न्हाई," पाटील म्हणाले. गावात ते बऱ्याच जणांना बरंच बोलत, पण घरात त्यांचा हा नियम होता. "शेंदराला पानी लागायचं न्हाई, आन मोटार कारखान्याच्या मोटारीवानी दिसली पायजे. न्हाई जमलं तर तो रशीद हाय. त्याचा भाऊबी लष्करातनं सुटतोय म्हनं."

पाटील आत गेले. जैनुद्दीन तिथेच राहिला. त्याने जाळीला बोट लावलं, बोटाकडे पाहिलं, आणि त्या क्षणापासून तो जो चालायला लागला तो काष्टीचे पाहुणे येऊन जाईपर्यंत थांबला नाही.

आडतीच्या कामाला पाटील नगरला निघाले की जैनुद्दीन मोटार घेऊन जाई. आडतीत पाटलांचा हिशेब होईपर्यंत तो जुन्या बाजारात मेहताबभाईच्या दुकानी. लढाई संपल्यावर नगरच्या लष्कराच्या ध्यानात आलं होतं की आपल्याजवळ सगळंच गरजेपेक्षा जास्त आहे. ते लिलावात निघालं आणि मेहताबभाईकडे येऊन पडलं. तंबू, बादल्या, बूट (बहुतेक डाव्या पायाचे), आणि एका खोक्यात नुसत्या पितळी तोट्या. जैनुद्दीन आणि मेहताबभाई आपसात दखनी बोलत. वाचणाऱ्याच्या सोयीसाठी ते इथे मराठीत दिलं आहे, म्हणजे त्यातल्या शिव्या गेल्या.

"काय धुवायचं आहे?" मेहताबभाईने विचारलं.

"मोटार."

"मग बादली ने."

"बादलीनं कुत्रं भिजतं."

मेहताबभाईने विडी तोंडातून काढली. "मोटारीत कुत्रं बसतं?"

"वर बसतं."

"खाली उतरव."

"उतरत नाही. त्याला शेंदूर लावलाय."

मेहताबभाईने विडी परत तोंडात घातली आणि खोकं पुढे सरकवलं. धंद्यात असे लोक येतात.

जैनुद्दीन उकिडवा बसला. एकेक तोटी उचलून त्याने डोळ्याला लावली, आरपार पाहिली, मग तोंडाला लावून तळहातावर फुंकर मारून बघू लागला.

"तोंड लावू नको," मेहताबभाई म्हणाला. "लष्करात त्यानं काय काय धुतलंय, कोणाला ठाऊक."

जैनुद्दीनने ऐकलं नाही. पहिल्या खेपेला त्याने झारीच्या तोंडासारखी, भोकाभोकांची तोटी घेतली आणि कॅनव्हासची नळी. घरी आल्यावर कळलं की नळीचे आटे विलायती आणि पाटलांच्या इंजिनाच्या पाइपाचे आटे देशी, दोघांचं काही केल्या जुळत नव्हतं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून तारेने आवळलं तरी सांध्यातून पाणी उडे. रबराचा वायसर टिकेना. चामडं भिजून फुगतं आणि फट धरून बसतं, हे पखाल्याच्या मुलाला कोणी सांगायला नको होतं. त्याने बापाची मसक खुंटीवरून काढली आणि तिचा गळा कापून त्यातून वायसर काढले.

जहिरा चुलीपाशी होती. तिने पाहिलं. "सासऱ्यानं चाळीस वर्षं जपली," ती म्हणाली.

"आता नळी आली."

"नळी आली म्हणून गळा कापला. उद्या बायको दुसरी आली तर?"

"जहिरा, ही एका कुत्र्यापायी..."

"तेच म्हणते. आपल्या घरात कुत्रं येऊ देत नाहीस, आणि जन्म चाललाय कुत्रं सांभाळण्यात. लोखंडाचं चालतं का, ते तरी मौलवींना विचारून ठेव."

सांधा मात्र त्यानंतर गळला नाही.

इंजिन विहिरीवर होतं आणि ते पाटलांचा गडी बन्सी चालवत असे. बन्सी कशाची घाई करत नसे, त्यामुळे जैनुद्दीन त्याच्याजवळ उभा राहिला की दोघांपैकी एक आजारी असावा असं वाटे. झारीची तोटी लावली. पाणी पावसासारखं सगळीकडे पडलं. मोटारीऐवजी जैनुद्दीनने पपईच्या झाडाला एक तांबडं फडकं बांधून त्याचं कुत्रं केलं होतं. फडकं ओलं झालं.

"भिजलं," बन्सी म्हणाला.

दुसऱ्या खेपेला चपट्या तोंडाची तोटी आली. तिचं पाणी पंख्यासारखं पसरे. मडगार्डखालचा चिखल तिने असा काढला की जैनुद्दीन तिच्यावर जवळजवळ समाधानी झाला होता. पण पंख्याची एक कड हळूच वर जाई. फडकं ओलं झालं.

"चाचा, ह्येला बी भिजायचंच हाय दिसतंय," बन्सी म्हणाला.

तिसऱ्या खेपेला मेहताबभाईने त्या दोन्ही तोट्या परत घेतल्या आणि खोक्याच्या तळातून एक लांब, निमुळती तोटी काढली. तिचं पुढचं तोंड फिरवलं की धार बदले. सैल केलं तर फवारा, आवळलं तर पाण्याची नुसती काडी. "ही आग विझवायच्या बंबाची धाकटी बहीण," मेहताबभाई म्हणाला. "हिच्यासारखी दुसरी नाही. आता परत येऊ नको."

राहात्याला ती बन्सीच्या इंजिनाला जोडली तेव्हा पाण्याची काडी पपईच्या खोडावर लागली आणि फडक्याच्या बोटभर खालून गेली. फडकं कोरडं. जैनुद्दीनने डाव्या बाजूने मारलं, उजव्या बाजूने मारलं, बसून मारलं. फडकं कोरडंच. त्या संध्याकाळी तो घरी आला, जेवला आणि दोन घास झाल्यावर उठून तोटी पुसून आला. जहिराने ताट झाकून ठेवलं. तिला सवय होती.

काष्टीचे पाहुणे येणार त्या दिवशी सकाळीच त्याने मोटार विहिरीवर नेली. इंजिन धडधडू लागलं. फवाऱ्याने टप, दारं, चाकं. मग तोटी आवळून जाळी. चार वर्षांची दाढी पाण्याच्या काडीखाली उकलत गेली, आणि एकेक पट्टी चमकत बाहेर आली. शेंदरावर थेंब नाही. बन्सी इंजिनाला टेकून बघत होता. दारात खरोखरच त्याला आपलं मुंडासं दिसलं, आणि ते त्याने नीट केलं.

"झालं, चाचा," तो म्हणाला. "बंद करू?"

झालंच होतं. जगातला कोणीही माणूस इथे थांबला असता. पण जैनुद्दीनला गोळ्याच्या बुडाशी, झाकण आणि शेंदूर यांच्या मधल्या फटीत, नखाएवढा चिखल दिसला. मोटारीपासून चार हात लांब उभं राहिलं तर तो दिसत नव्हता. जैनुद्दीन चार हात लांब कधीच उभा राहत नसे.

"थांब जरा," तो म्हणाला, आणि तोटी आणखी आवळली.

पाण्याची काडी त्या फटीत गेली. चिखल निघाला. पाणी आत शिरलं, आणि तांबडा गोळा थोडा हलला, जसं दार उघडण्याआधी आतून कोणी कडीला हात लावावा. मग तो सबंध, न मोडता, न चुरता, सुटून बॉनेटवरून घसरला आणि जैनुद्दीनच्या पायाशी ओल्या मातीत पडला. मोटारीच्या नाकावर चांदीसारखं कुत्रं कान मागे टाकून धावत होतं. चार वर्षांत त्याच्यावर एक डागही पडला नव्हता.

बन्सीने इंजिन बंद केलं. एकदम फार शांत झालं.

"आता रशीदचा भाऊ," जैनुद्दीन म्हणाला. त्याने गोळा उचलला. तो आतून पोकळ होता आणि पोकळीत कुत्र्याचा साचा उतरला होता, कानांसकट. त्याने तो परत कुत्र्यावर बसवून पाहिला. बसला, पण तिरका. त्याने काढला, पुसला, पुन्हा बसवला. तेवढ्यात मळ्याच्या वाटेने गोजरबाई येताना दिसल्या. रविवार होता. हातात शेंदराची वाटी होती.

जैनुद्दीन गोळा ओंजळीत घेऊन उभा राहिला. बन्सी इंजिनाच्या मागे गेला.

गोजरबाईंनी कुत्र्याकडे पाहिलं, ओंजळीकडे पाहिलं, आणि वाटी धरलेला हात कपाळाला लावला.

"खोळ टाकली," त्या म्हणाल्या. "भैरोबानं खोळ टाकली. माज्या सासूच्या वक्ताला देवळातल्यानं टाकल्याली. माज्या हयातीत ही पयलीच. आन ती बी मुक्ताला बघाया येत्यात त्या दिशी."

जैनुद्दीनने तोंड उघडलं. पण गोजरबाई गावाकडे निघाल्याही होत्या.

देवाने शेंदराची खोळ टाकली की ती वाजतगाजत नेऊन नदीत सोडायची, हा रिवाज. त्यात थांबायची सोय नसते. नदी म्हणजे पुणतांब्याची गोदावरी. मुक्ताची आई भाजी चिरायची सोडून सूप घेऊन आली. सुपात हळदकुंकू, त्यावर खोळ. भजनाची माणसं टाळ घेऊन मोटारीच्या दोन्ही पायऱ्यांवर उभी राहिली. वाहन कोणतं न्यायचं याबद्दल कोणाला शंकाच नव्हती.

"आई, काष्टीची मानसं यायची येळ झाली," पाटील म्हणाले.

"मंग बसतील. त्येंना पानी दे."

पाटील जैनुद्दीनकडे असे बघत होते की त्याने स्टीअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

पुणतांब्याची वाट म्हणजे कालव्याकाठची भुसभुशीत माती. एका मैलात मोटारीचा रंग गेला. गोजरबाई मागे सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पायऱ्यांवर टाळ चालले होते. जैनुद्दीन गप्प होता, आणि गप्प राहणं हा त्याचा प्रांत नव्हता. गप्प राहिला असता तर नोकरी पक्की होती, हे त्याला कळत होतं. ते त्याला रेडिएटरवरच्या चिखलासारखं टोचत होतं.

"आई," तो मान न वळवता म्हणाला, "खोळ आपसूक न्हाई पडली. माज्या तोटीचं पानी लागलं."

त्याने गिअर बदलला.

"आन दुसरं. भैरोबाचं म्हनून म्याच सांगितल्यालं. सायबाचं नुसतं कुत्रं हाय ते. नोकरीसाठी बोल्लो."

गोजरबाईंनी सूप मांडीवर नीट केलं. "तू सांगितलं म्हनून मी मानलं व्हय? माज्या मनात आदीच आल्तं. तू फकस्त बोल्लास."

"पन पानी?"

"देव का हातानं सोलून काढनार व्हय खोळ? कुनाच्या तरी हातनंच हुतं. तुज्या हातनं झालं." मग त्या म्हणाल्या, "ती तोटी कुटं हाय?"

"विहिरीवर."

"मातीत ठिवलीस?"

"व्हय."

"तुला काय कळतं का, जैन्या?"

खोळ गोदावरीत गेली. पाण्यावर क्षणभर तरंगली, कानांचा साचा वर करून, आणि मग बुडाली. परत येताना वाळूत चाकं रुतली, भजनी मंडळींनी ढकललं, आणि मोटार राहात्यात शिरली तेव्हा ती काळी होती असं शपथेवर कोणी सांगितलं नसतं. दारात काष्टीची माणसं उभी होती. त्यांच्या शेजारी पाटील होते. जैनुद्दीन उतरला आणि चाकापाशीच उभा राहिला, कारण कुठेही उभं राहिलं तरी पाटील दिसतच होते.

काष्टीच्या पाहुण्यांतला वडीलधारा माणूस पुढे झाला. त्याने पागोटं काढलं, चिखलाने लडबडलेल्या मडगार्डाला हात लावला आणि तो कपाळाला लावला. "पावन्यांच्या मोटारीनं खोळ टाकली म्हनं," तो पाटलांना म्हणाला. "आमच्या काष्टीत मोटारी हायेत, पन असं न्हाई. सुपारी आजच फोडू."

पाटलांनी जैनुद्दीनकडे पाहिलं. मग मोटारीकडे पाहिलं. मग तेही वाकले. पाहुण्यांदेखत दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. रशीदच्या भावाचं नाव पाटलांच्या घरात नंतर निघालं नाही.

नोकरी अशी पक्की झाली. पितळी तोटी त्याच संध्याकाळी गोजरबाईंनी धुवून पुसून देवघरात नेली आणि भैरोबाच्या चांदीच्या टाकाशेजारी ठेवली. सुपारीची गडबड ओसरल्यावर पाटील एका सकाळी ओट्यावर आले, मोटारीकडे बघून म्हणाले, "जैनूभाई, परत धूळ बसली." कुत्र्यावर शेंदराचा पहिला थर लागलेला होता आणि त्याला पाणी लागता कामा नये, हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

जैनुद्दीन घरी खुंटीकडे गेला. मसक तिथेच होती, पण तिला गळा नव्हता. तो पाटलांच्या देवघराच्या दाराशी गेला.

"आई, तोटी जरा देता? लगेच आनून देतो."

"देव्हाऱ्यातलं मागत्यात व्हय?" गोजरबाई म्हणाल्या. त्यांच्या बोटाला शेंदूर होता. तोटीचं निमुळतं टोक जैनुद्दीनला दारातून दिसलं. ते तांबडं झालं होतं.

पुढच्या खेपेला पाटील आडतीत बसले तेव्हा तो मेहताबभाईच्या दुकानात उभा होता.

"परत येऊ नको म्हणालो होतो," मेहताबभाई म्हणाला. "आता काय धुवायचं आहे?"

"तेच."

"आणि ती तोटी?"

"देवाकडे आहे," जैनुद्दीन म्हणाला. "या वेळी तशा दोन दे. एक गेली तर एक राहील."

"तशी दुसरी नाही, सांगितलं होतं."

जैनुद्दीनने ते ऐकलं नाही. त्याने खोकं स्वतःच पुढे ओढलं, उकिडवा बसला, पहिली तोटी उचलून डोळ्याला लावली, आरपार पाहिली, खाली ठेवली आणि दुसरी उचलली.